डॉक्टरांचा परिचय कसा वाचावा

पुण्यात सत्कारांना कधी तोटा नसतो. एस. एम. जोशी सभागृहापासून टिळक स्मारक मंदिरापर्यंत कुठल्या ना कुठल्या व्यासपीठावर अधूनमधून एखाद्या ज्येष्ठ डॉक्टरांच्या खांद्यावर शाल चढते, डोक्यावर पगडी ठेवली जाते आणि मानपत्राचे वाचन होते. त्या मानपत्रात ‘निष्णात चिकित्सक, कुशल प्रशासक आणि विद्यार्थिप्रिय शिक्षक’ ही तीन विशेषणे जवळजवळ नेमाने येतात. गौरवअंकांचे संपादन आणि मुद्रितशोधन हा माझा व्यवसाय असल्यामुळे ती मी स्वतः कितीदा लिहिली, त्याची मोजदाद नाही. मागच्या वर्षी एका निवृत्त प्राध्यापक डॉक्टरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या अंकाचा मजकूर घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. पहिले पान वाचून त्यांनी चष्मा काढला आणि विचारले, “ही तीन वेगवेगळी कामे आहेत, की एकाच कामाची तीन नावे आहेत?” मला उत्तर देता आले नाही. पुढचा दीड महिना त्यांच्याकडून आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून मी ते समजून घेतले. डॉक्टरांच्या परिचयातल्या पदव्या, पदे आणि वर्षे यांचा अर्थ सामान्य वाचकाला कळावा, यासाठी त्यातले बरेचसे येथे मांडत आहे.

सुरुवात ‘चिकित्सक’ या शब्दापासून करायला हवी. आपण तो ‘डॉक्टर’ याच अर्थाने वापरतो, परंतु वैद्यकीय व्यवहारात ‘फिजिशियन’ म्हणजे केवळ डॉक्टर नव्हे. शस्त्रक्रिया न करता, मुख्यतः निदान आणि औषधे यांच्या बळावर प्रौढ माणसांच्या आजारांवर उपचार करणारा तज्ज्ञ तो फिजिशियन. ताप, मधुमेह, रक्तदाब, दमा, कावीळ, हृदयविकार, पक्षाघात, सर्पदंश, विषबाधा असे सर्जनच्या टेबलावर न जाणारे जवळजवळ सारे काही त्याच्याकडे येते. सरकारी फलकावर त्याच्या विभागाचे नाव ‘औषधवैद्यकशास्त्र’ असे असते आणि त्याच महाविद्यालयात ‘औषधशास्त्र’ नावाचा एक निराळा विभागही असतो, ज्यात रुग्ण तपासले जात नाहीत, तर औषधे शरीरात काय करतात ते शिकवले जाते. हे नामकरण ज्यांनी केले त्यांनी रुग्णाच्या नातेवाइकांचा विचार केला नसावा.

फिजिशियन होण्याचा हिशेब सरळ आहे. बारावीनंतर एमबीबीएसची साडेचार वर्षे, त्यावर एका वर्षाची सक्तीची आंतरवासिता, मग पुन्हा प्रवेशपरीक्षा देऊन एमडीची ३ वर्षे. अठराव्या वर्षी प्रवेश घेतलेला विद्यार्थी एकही वर्ष वाया न घालवता सत्ताविसाव्या वर्षी फिजिशियन होतो. त्याला पुढे हृदयरोग किंवा मूत्रपिंडविकार यांसारख्या एखाद्याच शाखेत शिरायचे असेल, तर डीएमची आणखी ३ वर्षे जातात. परिचय वाचताना गोंधळ होतो तो ‘एमडी’ या अक्षरांचा. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाहून एमडी होऊन निघाल्या, ती तिथली पहिली वैद्यकीय पदवी होती. आजही अमेरिकेत आधी चार वर्षांची साधी पदवी, नंतर चार वर्षांची एमडी आणि तीही झाल्यावर औषधवैद्यकशास्त्राची ३ वर्षांची रेसिडेन्सी, असा क्रम आहे. म्हणजे तिथली एमडी आपल्या एमबीबीएसच्या जागी येते आणि आपल्या एमडीच्या जागी तिथली रेसिडेन्सी येते. परिचयात ‘एमडी (अमेरिका)’ असे ठळक अक्षरांत छापून आले, म्हणजे ती पदवी आपोआप वरच्या पायरीची ठरत नाही.

एमडीची तीन वर्षे म्हणजे फक्त अभ्यासाची तीन वर्षे, असे मी समजत होतो. प्रत्यक्षात निवासी डॉक्टर हा विद्यार्थी असतो आणि त्याच वेळी रुग्णालयाचा सर्वांत जास्त राबणारा कर्मचारीही असतो. मोठ्या रुग्णालयातला औषधवैद्यकशास्त्र विभाग अनेक युनिटांत वाटलेला असतो. प्रत्येक युनिटाला एक प्रमुख, त्याच्या हाताखाली एक-दोन शिक्षक, एखादा वरिष्ठ निवासी, पहिल्या ते तिसऱ्या वर्षांचे कनिष्ठ निवासी आणि आंतरवासी डॉक्टर असतात. प्रत्येक युनिटाचा ओपीडीचा वार ठरलेला असतो आणि तातडीच्या रुग्णांचाही. त्या दिवशी दारात येणारा प्रत्येक अत्यवस्थ रुग्ण त्या युनिटाचा होतो आणि घरी जाईपर्यंत त्याचाच राहतो. पहिल्या वर्षाचा निवासी रक्ताचे नमुने काढतो, अहवाल आणतो आणि केसपेपर लिहितो. दुसऱ्या वर्षाचा त्याच्यावर नजर ठेवतो. तिसऱ्या वर्षाचा रात्री तीन वाजता सरांना फोन करायचा की नाही, हे ठरवतो. हा शेवटचा निर्णय वरवर किरकोळ वाटतो. वास्तविक तीन वर्षांच्या शिक्षणाचे सार त्यातच आहे, कारण आपल्याला काय कळत नाही हे ओळखल्याशिवाय तो घेता येत नाही.

येथे डॉक्टरांनी मला सांगितलेली एक हकिगत तपशिलाने देणे आवश्यक आहे, कारण त्यांच्या मते चिकित्सा आणि अध्यापन कुठे एकमेकांत मिसळतात ते तिच्यात दिसते. त्यांच्या युनिटाच्या तातडीच्या दिवशी भोरकडचा एक पन्नाशीचा शेतकरी दाखल झाला. पहिल्या वर्षाचा निवासी परप्रांतातून आलेला होता, मराठी नुकतीच शिकत होता, पण कामाला चोख होता. त्याने विचारले, “छातीत दुखतंय का?” रुग्ण म्हणाला, “नाही.” “मळमळतंय का?” “हो, थोडं.” निवासी डॉक्टराने केसपेपरवर ‘छातीत वेदना नाही’ असे नोंदवले, हृदयाचा आलेख काढला, त्यात उघड दोष नव्हता, म्हणून पित्ताचा त्रास असे तात्पुरते निदान करून औषध दिले. सकाळच्या राऊंडला सर खाटेशी आले. त्यांनी केसपेपर हातात घेतला, पण वाचला नाही. रुग्णाच्या खाटेवर कडेला बसून त्यांनी फक्त विचारले, “काय होतंय?” आणि ते गप्प राहिले. रुग्ण जरा वेळ विचारात पडला, मग मूठ वळून छातीच्या मधोमध ठेवत म्हणाला, “भरून येतंय साहेब. चढ चढलो की छातीवर कुणी पोतं ठेवल्यासारखं होतंय. बसलो की जातंय.”

हृदयाला रक्त कमी पडू लागले की जे जाणवते, त्याला रुग्ण ‘दुखणे’ म्हणतोच असे नाही. मराठीत त्यासाठी ‘भरून येणे’, ‘दाब’, ‘आवळल्यासारखे’, ‘जड वाटणे’, ‘कसेतरी होणे’ असे शब्द येतात. उलट ‘चमक निघाली’ असे जो म्हणतो आणि एका बोटाने जागा दाखवतो, त्याचे कारण बहुधा स्नायूत किंवा फासळीत असते. श्रमाने येणारे आणि विश्रांतीने जाणारे, मुठीने किंवा सबंध तळव्याने दाखवले जाणारे, काही मिनिटे टिकणारे ओझे हे हृदयाचे लक्षण मानून चालावे लागते, मग पहिला आलेख निर्दोष का असेना. रुग्ण शांत बसलेला असताना काढलेला आलेख अशा आजारात पुष्कळदा साधाच येतो. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात तर कधीकधी हे ओझेही नसते. नुसती धाप, घाम, मळमळ किंवा हातपाय गळून जाणे एवढेच असू शकते. त्या शेतकऱ्याचा आलेख पुन्हा काढण्यात आला, रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि उपचारांची दिशा बदलली. निवासी डॉक्टराला सर्वांसमोर बोलणी बसली नाहीत. त्या दिवसापासून त्या युनिटात एक नियम मात्र झाला, की रुग्णाची तक्रार केसपेपरवर आधी त्याच्याच शब्दांत, देवनागरीत लिहायची आणि तिचे वैद्यकीय इंग्रजी त्याखाली करायचे. डॉक्टरांच्या चाळीस वर्षांच्या अध्यापनाचे हे एकच उदाहरण मी अंकात घेतले, आणि तेवढे पुरेसे आहे असे मला अजूनही वाटते.

खाटेशेजारी शिकवण्याची ही पद्धत आज स्वाभाविक वाटत असली, तरी ती कुणीतरी रुजवलेली आहे. मूळचे कॅनडाचे विल्यम ऑस्लर यांनी, १८८९ मध्ये सुरू झालेल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, विद्यार्थ्यांना व्याख्यानाच्या बाकांवरून उठवून वॉर्डात आणले, रुग्णांची जबाबदारी त्यांच्याकडे दिली, आणि रुग्णालयात राहून पायरीपायरीने शिकायची निवासी पद्धत त्याच रुग्णालयात आकाराला आली. आपण विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवले, एवढेच आपल्या थडग्यावर लिहिले जावे, अशी इच्छा त्यांनी बोलून दाखवली होती. गौरवअंकाच्या संपादकाला हेवा वाटावा असा तो परिचय आहे.

यापुढचा बदल घडवणारी दोन माणसे मात्र डॉक्टर नव्हती, ही गोष्ट मला फार रंजक वाटते. अब्राहम फ्लेक्सनर हे पेशाने शाळामास्तर. त्यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ वैद्यकीय शाळा पाहून १९१० साली अहवाल दिला. प्रयोगशाळा नाहीत, रुग्णालय नाही, फी भरली की प्रवेश, असे जे धंदे चालले होते, त्यांतले बहुतेक त्यानंतरच्या काही वर्षांत बंद पडले. त्या अहवालाची झळ कृष्णवर्णीयांच्या सातपैकी पाच संस्थांनाही लागली आणि त्या बंद झाल्या, हेही त्याच्या श्रेयाबरोबर सांगितले पाहिजे. दुसरे सर जोसेफ भोर. नाशिकला जन्मलेले, पुण्यात बिशप्स शाळेत आणि डेक्कन कॉलेजात शिकलेले हे सनदी अधिकारी. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडला. त्या काळी कमी मुदतीचे शिक्षण घेतलेले परवानाधारक डॉक्टर आणि पदवीधर डॉक्टर असे दोन वर्ग होते. भोर समितीने ते मोडून सर्वांसाठी एकच मूलभूत पदवी असावी आणि तिच्यात रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे शिक्षण असावे, असे सुचवले. आपल्या शहरात हा बदल डोळ्यांनी दिसतो. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले ससून रुग्णालय १८६७ साली सुरू झाले, त्याला जोडून बैरामजी जीजीभॉय यांच्या नावाची मेडिकल स्कूल होती आणि १९४६ साली तिचे महाविद्यालय झाले. जुन्या परिचयात ‘एलसीपीएस’ अशी, म्हणजे परवानाधारक डॉक्टराची, अक्षरे दिसली, तर ती त्या आधीच्या जगातली आहेत.

आता अध्यापकाच्या पदांकडे वळू. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग सप्टेंबर २०२० मध्ये भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी आला. या आयोगाच्या २०२२ च्या निकषांनुसार एमडीनंतर एक वर्ष वरिष्ठ निवासी म्हणून काम केले की सहायक प्राध्यापक होता येते, तेथे ४ वर्षे आणि दोन शोधनिबंध झाले की सहयोगी प्राध्यापक, आणि त्यानंतर ३ वर्षे व आणखी दोन शोधनिबंध झाले की प्राध्यापक. निबंधाच्या लेखकांत पहिल्या तिघांत नाव असावे किंवा पत्रव्यवहाराची जबाबदारी तरी आपल्याकडे असावी, अशीही अट आहे. म्हणजे कागदावर माणूस पस्तिशी-छत्तिशीत प्राध्यापक होऊ शकतो. सरकारी महाविद्यालयांत लोकसेवा आयोगाची निवड, रिक्त जागा आणि बदल्या यांमुळे याहून बराच काळ जातो, तर खासगी महाविद्यालयांत गरजेप्रमाणे तो भराभर सरकतो. २०२५ मध्ये हे निकष सैल झाले. २२० किंवा अधिक खाटांच्या सरकारी रुग्णालयात १० वर्षे काम केलेल्या पदव्युत्तर तज्ज्ञाला आता थेट सहयोगी प्राध्यापक होता येते. महाविद्यालये वाढली आणि शिक्षक कमी पडले, हे त्यामागचे साधे कारण आहे. जिल्हा रुग्णालयात दहा वर्षे सर्पदंश आणि न्यूमोनिया हाताळलेला डॉक्टर शिकवायला नालायक असतो, असे मला वाटत नाही. पण रुग्ण पाहण्याचा अनुभव म्हणजेच शिकवण्याचा अनुभव, हे गृहीतक या निर्णयात पुन्हा एकदा मान्य झाले आहे.

आणि खरी अडचण त्या गृहीतकातच आहे. शाळेत पाचवीला शिकवायचे असेल तर डीएड लागते, पण मरणोन्मुख माणसासमोर काय करावे हे शिकवणाऱ्या प्राध्यापकाला कित्येक दशके अध्यापनाचे कोणतेही प्रशिक्षण लागत नव्हते. ज्याने चांगले शिकवले त्याची नक्कल करायची आणि ज्याने वाईट शिकवले त्याचीही नकळत नक्कल व्हायची, असा तो गुरुकुली मामला होता. आता प्राध्यापकांना वैद्यकीय शिक्षणशास्त्राचा पायाभूत अभ्यासक्रम करावा लागतो आणि २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रमही क्षमतांच्या भाषेत मांडला आहे. त्यामागचा विचार जॉर्ज मिलर यांनी १९९० साली एका पिरॅमिडच्या रूपात सांगितला होता. सर्वांत खाली ‘माहीत आहे’, त्यावर ‘कसे करायचे ते माहीत आहे’, त्यावर ‘करून दाखवता येते’ आणि टोकावर ‘प्रत्यक्ष कामात करतो’. लेखी परीक्षा तळाच्या पायरीशी थांबते, तोंडी परीक्षा दुसरीपर्यंत पोचते, परीक्षेच्या दिवशी रुग्ण तपासून दाखवणे ही तिसरी पायरी. चौथी पायरी मात्र कोणत्याही परीक्षेत दिसत नाही. ती दिसते मध्यरात्री, कुणी पाहत नसताना. तिची परीक्षा घ्यायची असेल तर शिक्षकाला त्या वेळी वॉर्डात असावे लागते, किंवा दुसऱ्या दिवशी केसपेपर असा वाचता यावा लागतो की रात्री काय झाले ते त्याला कळेल.

परिचयातला आणखी एक शब्द जाता जाता पाहू. जुन्या पिढीतल्या पुष्कळ नामांकित डॉक्टरांच्या नावापुढे ‘मानद प्राध्यापक’ असे असते. ते पद शोभेचे नव्हते. सकाळी सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयात बिनपगारी किंवा नाममात्र मानधनावर रुग्ण पाहायचे, विद्यार्थ्यांना शिकवायचे आणि संध्याकाळी टिळक रस्त्यावरच्या किंवा डेक्कनवरच्या आपल्या खोलीत खासगी व्यवसाय करायचा, अशी ती व्यवस्था होती. जो पूर्णवेळ सरकारी अध्यापक खासगी व्यवसाय करत नाही, त्याला त्याबद्दल पगारात ‘व्यवसायरोध भत्ता’ मिळतो. हा शब्द पगारपत्रकाबाहेर मी कुठे वाचलेला नाही, पण अध्यापक म्हणून राहायचे की बाहेर पडायचे, याचा निर्णय अनेक घरांत याच शब्दापाशी झालेला आहे.

तिसरे विशेषण ‘कुशल प्रशासक’. युनिटप्रमुख, विभागप्रमुख, वैद्यकीय अधीक्षक, अधिष्ठाता, संचालक, कुलगुरू, अशी ती उतरंड. येथे चिकित्सकाची सवय अगदी उलटी करावी लागते. खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरासमोर एक रुग्ण असतो आणि त्याच्यासाठी शक्य ते सारे करणे हा त्याचा धर्म असतो. अधिष्ठात्याच्या खुर्चीत बसल्यावर समोर शेकडो खाटा असतात आणि एकीला दिलेले दुसरीकडून काढून घ्यावे लागते. करोनाच्या काळात हे फार उघडपणे दिसले. राज्यातला पहिला रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळला आणि पुढच्या महिन्यांत प्राणवायूचा हिशेब हा रुग्णालय चालवणाऱ्यांचा मुख्य विषय झाला. साध्या मास्कवर असलेल्या रुग्णाला मिनिटाला ५ ते १० लिटर प्राणवायू लागतो. नाकातून वेगाने प्राणवायू देणारे यंत्र पूर्ण क्षमतेने चालवले तर मिनिटाला ६० लिटरपर्यंत लागतो. मोठ्या जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर वायू असतो, म्हणजे असा एक रुग्ण एक सिलिंडर दोन तासांच्या आत संपवतो. वॉर्डातल्या डॉक्टराने ‘यंत्र लावा’ असे म्हटले, तर त्याच्या दृष्टीने तो एका माणसाचा श्वास असतो. खाली टाकीच्या काट्याकडे पाहणाऱ्याच्या दृष्टीने तो सहा ते बारा माणसांचा वाटा असतो. हे दोन्ही हिशेब एका डोक्यात असलेला माणूस वैद्यक जाणणारा असावा लागतो, आणि नुसते वैद्यक जाणून भागत नाही, हेही तितकेच खरे.

एरवीच्या दिवसांत प्रशासन इतके नाट्यमय नसते. निविदा, निरीक्षणाच्या तपासण्या, अध्यापकांची हजेरी, लिफ्ट बंद पडणे, निवासी डॉक्टरांचा संप, संतापलेले नातेवाईक, यांतच बहुतेक दिवस जातात. त्यातून नेतृत्व ओळखायचे असेल, तर मृत्यू-परीक्षणाची बैठक पाहावी, असे डॉक्टरांचे मत पडले. प्रत्येक विभागात ठरावीक काळाने दगावलेल्या रुग्णांची कागदपत्रे पुन्हा उघडली जातात. ‘कोणी चूक केली’ हा प्रश्न पहिल्या मिनिटाला आला, की पुढच्या महिन्यापासून कागद सफाईदार होतात आणि चुका दिसेनाशा होतात. ‘कोणत्या वेळी काय माहीत होते आणि पुढचे पाऊल का पडले नाही’ असे विचारले, की कधी रक्तपेढीचा फोन लागत नव्हता असे निघते, तर कधी रात्रीच्या पाळीला एकच परिचारिका होती असे निघते. अशा शोधातून येणारे उपाय पुष्कळदा अगदी साधे असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक पानी तपासणी-यादी काढली. रुग्ण तोच आहे ना, बाजू तीच आहे ना, प्रतिजैविक दिले का, कापूस मोजला का, असे त्यातले प्रश्न. दिल्लीसह जगातल्या ८ शहरांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. कागद फुकट होता. तो दर वेळी मोठ्याने वाचला जाईल, हे पाहणे हेच काय ते प्रशासन.

पुण्यापुरते बोलायचे तर नेतृत्वाची दोन अगदी वेगळी रूपे सार्वजनिक आयुष्यात दिसतात. डॉ. बानू कोयाजी या स्त्रीरोगतज्ज्ञ. १९४४ साली त्या पुण्याच्या केईएम रुग्णालयात आल्या, तेव्हा ते ४० खाटांचे प्रसूतिगृह होते. त्यांच्या कारकिर्दीत ते साडेपाचशे खाटांचे रुग्णालय झाले. तरीही त्यांचे नाव जगभर झाले ते इमारतीमुळे नव्हे. प्रसूतीसाठी बायका फार उशिरा आणि फार वाईट अवस्थेत येतात, हे रोज पाहिल्यावर त्यांनी रुग्णालयच शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकच्या दिशेने नेले आणि गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकवले. १९९३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना या कामासाठी मिळाला. शहरातल्या डॉक्टराने गावात शिबिर घेणे आणि गावातल्या बाईच्या हाती ज्ञान देऊन आपण मागे सरणे, यांत जो फरक आहे तो ‘समाजकार्य’ या परिचयातल्या मोघम शब्दात हरवतो.

दुसरे रूप लष्करी शिस्तीतले. १९४८ साली पुण्यात सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे शिकलेल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. माधुरी कानिटकर त्याच महाविद्यालयाच्या अधिष्ठाता झाल्या, २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या आणि २०२१ मध्ये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू. त्यांच्या क्षेत्रात, म्हणजे मुलांच्या मूत्रपिंडविकारांत, उपचार वर्षानुवर्षे चालतात आणि आईला घरी लघवी तपासून वहीत नोंद ठेवायला शिकवावे लागते. अशा शाखेतला डॉक्टर रोजच शिक्षक असतो, हे या यादीतल्या पदांवरून कळत नाही.

अशा रीतीने अंकाचा परिचय मी पुन्हा लिहिला. ‘निष्णात’, ‘कुशल’ आणि ‘विद्यार्थिप्रिय’ काढून टाकले, पदांच्या तारखा तळटीपेत नेल्या, युनिटात देवनागरीत तक्रार लिहिण्याचा नियम कधी झाला ते घातले, मृत्यू-परीक्षणाच्या बैठका त्यांच्या काळात नियमित होऊ लागल्या एवढे एक वाक्य ठेवले आणि भोरच्या शेतकऱ्याची हकिगत पूर्ण दिली. तिला मी ‘छातीतील वेदनेचा एक रुग्ण’ असे उपशीर्षक दिले होते. अंतिम मुद्रित डॉक्टरांकडे गेले. ते तिसऱ्या दिवशी परत आले, तेव्हा अख्ख्या सोळा पानांत त्यांची एकच खूण होती. ‘वेदनेचा’ या शब्दावर लाल रेघ मारलेली होती आणि समासात त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिले होते : “त्याला वेदना नव्हती. भरून येत होते.”